दातातली रेघ वस्तीचा नव्हे, मरणाचा ऋतू सांगते

‘उत्खननात सापडलेल्या प्राण्याच्या दातातली वलयं मोजली की माणसं तिथं कोणत्या ऋतूत राहत होती ते कळतं,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे.

पहिली गोष्ट, ही वलयं चकाकणाऱ्या एनॅमलची नसतात; एनॅमल एकदा तयार झालं की वाढत नाही. मुळाभोवतीचं सिमेंटम (हाडासारखं आवरण) मात्र जनावर जिवंत असेपर्यंत थरावर थर चढवत राहतं. चांगल्या दिवसांत रुंद पट्टा, ओढगस्तीच्या दिवसांत बारीक रेघ. दात उभा कापून, पारदर्शक होईपर्यंत घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि सगळ्यात बाहेरची कड बघायची. प्रकाश आरपार सोडला की जी रेघ उजळ दिसते, तीच वरून प्रकाश पाडल्यावर काळपट दिसते. त्यामुळे नुसता ‘काळी रेघ म्हणजे हिवाळा’ हा नियम घात करतो.

शिवाय रेघ थंडीनंच उमटते असंही नाही. मानवशास्त्रज्ञ डॅनियल लीबरमन यांनी बकऱ्यांचा चारा बदलून पाहिला, तेव्हा पोषण आणि चावण्याचा जोर यांनीही थर बदलले.

कड सांगते ती फक्त त्या एका जनावराच्या मरणाची वेळ. म्हणूनच एका दातावर भिस्त ठेवता येत नाही. इस्राएलमधल्या नाटुफियन (शेती सुरू होण्याआधीच्या शिकारी लोकांच्या) वस्त्यांत गझेलचे (आपल्या चिंकाऱ्याचे भाऊबंद) अनेक दात तपासले, तेव्हा कुठे शिकार एकाहून अधिक ऋतूंत होत होती हे दिसलं.