ड्रॅगन टॅटूवाल्या पुस्तकात लार्सनचं किती आणि इंग्रजीचं किती?

स्टीग लार्सनची स्वीडिश रहस्यकादंबरी 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' वाचून लोक दोन टोकांचं बोलतात, एकाला रात्रभर झोप लागली नाही आणि दुसऱ्याला शंभराव्या पानाआधीच लागली. दोघांचंही बरोबर आहे, मी स्वतः दोनदा अर्धवट सोडलंय. पण नावं ठेवायच्या आधी हे पुस्तक आपल्या हातात कसं आलं ते बघायला पाहिजे.

स्टीग लार्सन मुळात पत्रकार, स्वीडनमधल्या कट्टर उजव्यांच्या मागे हात धुऊन लागलेला, 1995 मध्ये 'एक्स्पो' नियतकालिक सुरू करणाऱ्यांपैकी एक. हे पुस्तक धरून मालिकेतल्या तिन्ही कादंबऱ्या प्रकाशकाकडे दिल्या आणि नोव्हेंबर 2004 मध्ये ऑफिसची लिफ्ट बंद म्हणून सात मजले चढून गेला आणि हार्ट अटॅकने गेला, वय फक्त 50. पहिलं पुस्तक आलं 2005 मध्ये.

स्वीडिश नावाचा अर्थ 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष', आणि पुस्तकाच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक आकडा आहे, पहिलाच म्हणजे स्वीडनमधल्या 18 टक्के बायकांना कधी ना कधी पुरुषाने धमकावलेलं आहे. म्हणजे त्याला रहस्यकथेच्या आडून हेच सांगायचं होतं, आणि ही वाट शोवॉल-वालू या स्वीडिश लेखक जोडीने 1965 ते 1975 मध्ये मार्टिन बेक या पोलीस डिटेक्टिव्हच्या दहा पुस्तकांतून आधीच पाडून ठेवली होती. इंग्रजीत (2008) नावातून पुरुष गायब, पोरगी आली. आणि गंमत म्हणजे मूळात नायिका लिस्बेथच्या अख्ख्या पाठीवर असलेला ड्रॅगन इंग्रजीत आकसून खांद्यापुरता उरला!

हे भाषांतर आधी सिनेमावाल्यांसाठी घाईत झालेलं, मग ब्रिटिश प्रकाशकाने त्यावर एवढा हात फिरवला की अनुवादक स्टीव्हन मरेने खरं नाव न देता 'रेग कीलंड' असं टोपणनाव लावलं. त्यामुळे एखादं वाक्य लाकडासारखं लागलं तर लगेच लार्सनला बोल लावू नका. पण सुरुवातीचं ते लांबच लांब आर्थिक घोटाळ्याचं गुऱ्हाळ, पानापानावर कॉफी आणि सँडविच, कॉम्प्युटरची मॉडेलं स्पेसिफिकेशनसकट, ते सगळं त्याचंच. तसंच म्हाताऱ्या हेन्रिकला दर वाढदिवसाला येणारं ते फ्रेममधलं वाळवलेलं फूल, आणि 1966 मध्ये पुलावर अपघात होऊन त्यांचं बेट तुटलेलं असताना गायब झालेली त्याच्या भावाची नात हॅरिएट, हेही त्याचंच आणि एक नंबर जमलंय.

एक गोष्ट मात्र भाषांतरात पार वाहून गेली. पत्रकार नायक ब्लूमक्विस्टला सगळे 'काले' म्हणून चिडवतात, काले ब्लूमक्विस्ट हा स्वीडिश बालसाहित्यिक आस्ट्रिड लिंडग्रेनचा पोरसवदा डिटेक्टिव्ह, म्हणजे आपल्याकडे फेणे आडनावाच्या पत्रकाराला 'काय रे फास्टर' म्हणावं तसं. स्वीडिश वाचक तिथे हसतो. इंग्रजीवाल्याला ते कळणार कसं, त्याने ती पुस्तकं लहानपणी वाचली असली तरी त्यात त्या पोराचं नावच बदलून बिल बर्गसन केलेलं.