चटक्यातले च, ट आणि क

अक्षरांच्या ‘कंपनांनी’ सांधेदुखी पळते, असा एक मेसेज आमच्या जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांत फिरतोय. सांध्यांचं डॉक्टर बघतील. अक्षरांचा आवाज खरंच काय करतो, ते बघायला आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) या ओळी पुरेत:

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर

साचा सोपा आहे. चार चरण (एका ओळीत दोन), प्रत्येकी ८ अक्षरं, दुसऱ्या-चौथ्याच्या शेवटी ‘र’चं यमक. लघु-गुरूची भानगड नाही. पण हेच चरण नुसते बोला आणि तोंडातून निघणारे तुकडे मोजा: ६, ७, ७, ६! बोलताना आपण ‘संसार’मधला शेवटचा ‘अ’ गिळतो, ‘चटके’चं ‘चट्‌के’ करतो. गाताना गिळलेले सगळे ‘अ’ परत येतात आणि आठाचा हिशेब जुळतो. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणजे हा हिशेब कागदावरचा नाहीच, गळ्यातला आहे.

खरी गंमत व्यंजनांत आहे. काही व्यंजनांना तोंडातली हवा पूर्ण अडते आणि मग सुटते: क, ट, त, च, भ वगैरे. यांना स्पर्श म्हणू (च-जमध्ये सुटताना थोडं घर्षणही असतं). स, र, व, य यांत हवा अशी कोंडली जात नाही. ‘म’ला ओठ मिटतात, पण हवा नाकातून निघून जाते, म्हणून तोही यात धरत नाही. आता मोजा. ‘अरे संसार संसार’मध्ये स्पर्श शून्य. दुसऱ्या चरणात ३. तिसऱ्यात ५: ध, त, च, ट, क. चौथ्यात ४. पहिला चरण वाहतो, तिसरा अडखळतो.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून आलेख बघा. ‘स’च्या जागी दाट खरखर दिसते, तिची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्‌झच्या वर असते. ‘चटके’त मात्र ‘ट’ आणि ‘क’च्या आधी रेघ सपाट होते, काही डझन मिलिसेकंदांची शांतता, आणि मग एकदम टोक. ‘ट’ला जिभेचं टोक मागे वळतं, त्यामुळे शेजारच्या स्वराचा तिसरा अनुनाद (तोंडाच्या पोकळीत घुमून ठळक होणाऱ्या कंपनांच्या पट्ट्यांपैकी खालून तिसरा) खाली ओढला जातो, ‘क’ला जिभेची पाठ मऊ टाळूला भिडते आणि दुसरा-तिसरा अनुनाद एकमेकांजवळ सरकतात. तीन व्यंजनं, तोंडातल्या तीन जागा, तीन अडथळे.

म्हणून ‘च-ट-क’मध्येच चटका भरलाय असं मात्र समजू नका. चटकदार शेवभाजीतही तेच तीन वर्ण आहेत आणि तिथे तोंडाला पाणी सुटतं. अर्थ शब्द देतो. आवाज त्याला फक्त धार लावतो, तीही पहिला चरण मोकळा वाहिला म्हणून.

आता ‘मियते’. आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो: डोळा-डोया, काळा-काया. ‘शुद्ध’ करून ‘मिळते’ केलं तरी अक्षरं ८च राहतात. पण ‘ळ’ला जीभ वळून टाळूला टेकते, ‘य’ला नुसती जवळून जाते. तिसऱ्या चरणातल्या पाच अडथळ्यांनंतर ‘मिय’पाशी जीभ जरा सैल सुटते, आणि ‘ते’नंतर ‘भाकर’चा ‘भ’ ओठ मिटवतो.