डार्विन यांच्या हिरवळीवरचा बुडणारा दगड

चार्ल्स डार्विन यांचे नाव निघाले की गॅलापागोस बेटे डोळ्यांपुढे येतात. वास्तविक त्या बेटांवर त्यांनी जेमतेम पाच आठवडे काढले, तर तेव्हाच्या केंट परगण्यातील डाउन गावच्या घरात १८४२ पासून १८८२ मध्ये निधन होईपर्यंत सुमारे चाळीस वर्षे! जतन करून ठेवलेल्या या ‘डाउन हाउस’मध्ये अभ्यासिका, काचघर आणि डार्विन रोज फेऱ्या मारत ती ‘सँडवॉक’ नावाची पायवाट पाहता येते. माझ्या मते मात्र त्या आवारातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे हिरवळीवरचा, मध्यभागी भोक असलेला, जात्यासारखा एक गोल दगड.

शेतातले दगड कालांतराने दिसेनासे होतात ते स्वतःच्या वजनाने रुतल्यामुळे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. डार्विन यांनी डिसेंबर १८४२ मध्ये घराजवळच्या एका शेताच्या काही भागावर खडूचे तुकडे पसरवले आणि तब्बल २९ वर्षे थांबून, नोव्हेंबर १८७१ च्या अखेरीस, तेथे चर खणवला. चराच्या दोन्ही बाजूंना, सात इंच खोलीवर, पांढऱ्या तुकड्यांची रेघ दिसली. म्हणजे वरचा गवताचा थर वगळता त्यांच्यावर दरवर्षी सरासरी ०.२२ इंच माती चढली होती. वजनानेच रुतायचे असते, तर मोठे तुकडे खोल आणि लहान उथळ सापडले असते, अशी रेघ उमटली नसती.

हे काम गांडुळांचे. गांडूळ माती गिळते, तिच्यातील सेंद्रिय अंश पचवते आणि उरलेली बारीक माती पृष्ठभागावर विष्ठेच्या रूपाने टाकते. गिळता येईल एवढ्या आकाराचेच कण वर येतात, दगड येत नाहीत. मागे राहिलेली बिळे कोसळतात, त्या पोकळीत दगड अंशाअंशाने बसत जातो आणि वर नवी माती साचते. थोडक्यात, दगड जमिनीत शिरत नाही. जमीनच त्याच्याखालून निघून त्याच्यावर येऊन बसते. (यावरून ‘गांडूळ म्हणजे सर्वत्र वरदान’ अशी जी जाहिरातबाजी चालते, तीही खरी मानू नये. उत्तर अमेरिकेतील ज्या जंगलांत हिमयुगानंतर मूळची गांडुळे उरली नव्हती, तेथे युरोपातून आलेल्या गांडुळांनी पालापाचोळ्याचा थर फस्त करून वनस्पतींचे नुकसानच केले आहे.)

दगड बुडण्याचा वेग मोजण्याचे काम डार्विन यांचे चिरंजीव होरेस यांनी अंगावर घेतले. अडचण अशी होती, की ओल्या दिवसांत माती फुगून दगड वर उचलला जातो आणि कोरड्या दिवसांत पुन्हा खाली येतो, त्यामुळे आजूबाजूच्या जमिनीपासून घेतलेले माप फसवे ठरते. म्हणून दगडाच्या भोकातून धातूच्या दांड्या, ओलाव्याचा हा खेळ जेथे पोहोचत नाही अशा थरापर्यंत, खोलवर ठोकल्या आणि त्यांच्या माथ्यापासून दगडाची पातळी सूक्ष्ममापीने मोजली. ऋतूंचे हेलकावे बाजूला काढल्यावर हाती आलेला आकडा होता वर्षाला सुमारे २.२ मिलिमीटर. तो १९०१ मध्ये, वडिलांच्या मृत्यूनंतर १९ वर्षांनी प्रसिद्ध झाला. आज हिरवळीवर दिसतो तो दगड मूळचा नाही, नंतर बसवलेली प्रतिकृती आहे. पण मापनाची युक्ती कळण्यासाठी तिच्या मध्यभागचे भोक पुरेसे आहे.