कार्ड बदलले की मासिक वजावट थांबते?

‘नको असलेल्या ॲप किंवा सेवेपोटी कार्डावरून आपोआप होणारी मासिक वजावट थांबवायची तर क्रेडिट कार्ड ब्लॉक करून नवे घ्या’, असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटण्यासारखा आहे, कारण जुना क्रमांकच रद्द झाल्यावर पैसे जाणार कुठून? परंतु अनेक देशांतील बँका नव्या कार्डाचा क्रमांक आणि मुदत नोंदणीकृत विक्रेत्यांपर्यंत आपोआप पोहोचवतात, त्यामुळे जुनी वजावट नव्या कार्डावरही चालू राहू शकते. (चोरीला गेलेले कार्ड मात्र ब्लॉक करावेच.) खात्री करण्यासाठी नव्या कार्डाच्या पहिल्या दोन स्टेटमेंटमध्ये तीच रक्कम शोधावी, तिच्यासमोर कधीकधी ॲपऐवजी मूळ कंपनीचे नाव असते. ती आढळल्यास विक्रेत्याला सेवा बंद करण्याचे लेखी कळवावे, बँकेला त्या वजावटीची परवानगी रद्द करण्यास सांगावे आणि संमतीविना गेलेल्या रकमेवर मुदतीत हरकत नोंदवावी.