दोन बाळंतपणांतले अंतर

एकत्र कुटुंबात मूल चांगले वाढते आणि विभक्त कुटुंबात एकलकोंडे होते, असे सरसकट म्हटले जाते. बालविकासाच्या दृष्टीने मात्र घरात माणसे किती यापेक्षा त्यांच्यापैकी मुलाशी बोलणारी, त्याच्या रडण्या-हसण्याला वेळेवर प्रतिसाद देणारी किती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बाळाची ओढ केवळ आईपुरती नसते. नेमाने सांभाळणारी आजी किंवा वडील यांच्याशीही त्याचे तितकेच घट्ट नाते जुळते.

सोलापूरच्या पूर्व भागात हे सहज दिसते. मांडीवर सूप घेऊन विडी वळणाऱ्या बाईचे तान्हे मूल पुष्कळदा सासूजवळ असते. आजी त्याच्याशी तेलुगूत बोलते आणि गल्लीत त्याच्या कानावर मराठी पडते. अशा मुलाचा एकेका भाषेतला शब्दसंग्रह सुरुवातीला लहान भासला, तरी दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजल्यास ते सहसा मागे नसते. म्हणून आजीला तेलुगू बोलू नका असे सांगण्याचे काहीच कारण नाही. आजी नसलेल्या घरात मात्र तीच जबाबदारी थोरल्या मुलीवर येते आणि धाकट्याच्या संगोपनाची किंमत तिची शाळा मोजते. तंबाखूची धूळ आणि त्वचेतून शरीरात जाणारे निकोटीन लक्षात घेता, बाळाला विडीच्या सुपापासून दूर ठेवणेही गरजेचे आहे.

या सगळ्या व्यवस्थेवर सर्वांत मोठा ताण येतो तो पाठोपाठच्या बाळंतपणांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार एका प्रसूतीनंतर पुढची गर्भधारणा किमान 24 महिन्यांनी व्हावी, म्हणजे दोन भावंडांत साधारण पावणेतीन वर्षांचे अंतर पडते. गरोदरपणात आणि स्तनपानात खर्च झालेला लोह व फोलेटचा साठा भरून यायला आईला वेळ लागतो, आणि अंतर फार कमी असल्यास मूल दिवसांआधी किंवा कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता वाढते. शिवाय पुरेसे अंतर ठेवले तर थोरल्याची पहिली दोन वर्षे, जेव्हा मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते, ती वाटणीत जात नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात होणाऱ्या मुलांची सरासरी, 1.7 इतका होता. मुलांची संख्या घटली आहे. प्रश्न उरला आहे तो अंतराचा. प्रसूतीनंतर 48 तासांच्या आत तांबी बसवता येते आणि दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत, हा समज मात्र अर्धाच खरा आहे: बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे, त्याला रात्रंदिवस केवळ आईचे दूध मिळत असावे आणि पाळी परत आलेली नसावी, या तिन्ही अटी पाळल्या तरच तो लागू पडतो.

आणि कुटुंब पूर्ण झाल्यावर? त्याच सर्वेक्षणानुसार देशात 37.9 टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण 0.3 टक्के होते. वास्तविक बिनटाक्याची पुरुष नसबंदी अधिक सोपी व कमी जोखमीची आहे, आणि तिने पुरुषत्वावर परिणाम होत नाही. फक्त त्यानंतर सुमारे तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते आणि वीर्यतपासणीत शुक्राणू नसल्याची खात्री करून घ्यावी लागते.