अंगठ्याचं तिरकं नख: पालकांसाठी माहिती

बाळाच्या पायाच्या अंगठ्याचं नख जन्मापासून शेजारच्या बोटाकडे झुकलेलं, जाड, पिवळट-करडं आणि आडव्या वळ्यांचं असेल, तर घरात पहिली शंका बुरशीची येते. इतक्या लहान मुलांच्या नखांना बुरशी क्वचितच होते. या मुलांमध्ये नखाचं मूळच तिरकं बसलेलं असतं. काही घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं, म्हणून आई-वडिलांनी आणि भावंडांनी आपलेही अंगठे पाहावेत. तिरक्या नखाला बुरशीचं औषध लावून काहीच साधत नाही. ते सुरू करण्याआधी नखाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या.

झुकाव कमी असेल तर सुमारे निम्म्या मुलांचं नख दहाव्या वर्षापर्यंत आपोआप सुधारतं. तोवर नखुरडं होऊ न देणं हे खरं काम.

आंघोळीनंतर नख मऊ असताना ते सरळ रेषेत कापा. कोपरे गोल करू नका, कारण आत राहिलेलं टोक वाढताना मांसात घुसतं. जाड भाग एकाच दिशेनं, हलक्या हातानं कानशीनं घासा. कडेचं मांस नखावर चढत असेल तर कागदी चिकटपट्टीचं एक टोक त्या मांसावर, नखाला अगदी लागून चिकटवा. मांस नखापासून दूर ओढून पट्टी अंगठ्याच्या खालून तिरकी न्या. पूर्ण वेढा घट्ट घालू नका. अंगठ्याचं टोक निळसर किंवा पांढरं पडलं तर पट्टी लगेच सोडा. पट्टी रोज बदला.

बुटाचं माप संध्याकाळी, मूल उभं असताना, दोन्ही पायांचं घ्या. सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा हवी. पुढून निमुळता बूट, मग तो कितीही गोंडस दिसो, या अंगठ्याला चालत नाही. पावसाळ्यात ओले मोजे तासन्‌तास पायात ठेवू नका.

दर तीन महिन्यांनी वरून, त्याच अंतरावरून फोटो काढा. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्षभर किंवा जास्त लागतं, त्यामुळे महिन्याभरात फरक शोधू नका.

झुकाव जास्त असेल तर मात्र वाट पाहू नका. नखाचं मूळ फिरवून सरळ करण्याची शस्त्रक्रिया मूल दोन वर्षांचं होण्याआधी केली तर निकाल चांगला येतो, म्हणून पहिल्या वाढदिवसाच्या आसपासच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पू, सूज किंवा ठणका असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सगळीच नखं जाड होऊन तळव्यांना दुखरे घट्टे येत असतील तर तो वेगळा आनुवंशिक आजार असू शकतो. तो आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता ५० टक्के असते.

दुडदुडणाऱ्या मुलांची पातळ, चमच्यासारखी खोलगट नखं हा यातला प्रकार नव्हे. ती बहुधा वयाबरोबर भरून येतात.