अस्सल की समकालीन? एका शबीहेची पार्श्वभूमी

दर शिवजयंतीला महाराजांचे ‘अस्सल चित्र’ म्हणून एक चेहरा मोबाइलवर फिरतो. बाकदार नाक, टोकदार दाढी, पागोट्यावर तुरा आणि चेहऱ्याची एकच बाजू. चित्र गोवळकोंड्याच्या शैलीतले. तशीच चित्रे लंडन, पॅरिस आणि ॲम्स्टरडॅमच्या संग्रहांत आहेत.

शबीह म्हणजे ओळखू येईल असा चेहरा. पूर्वीच्या पोथ्यांत राजा ओळखायचा तो छत्रावरून नि आसनावरून, चेहरे साच्यातले. अकबराने उमरावांच्या शबीहा काढून घेऊन त्यांचा मोठा मुरक्का, म्हणजे चित्रसंग्रह, करवला. जहांगीराने इराणच्या शहाचा चेहरा हुबेहूब हवा म्हणून १६१३ साली वकिलाबरोबर चित्रकारच धाडला. त्याच्याच काळात चित्रांत बादशहा बहुतेक वेळा एका बाजूने दिसू लागला आणि युरोपी चित्रे पाहून त्याच्या डोक्यामागे तेजोवलयही आले.

गोवळकोंड्यात १६८०च्या आगेमागे हा प्रकार दरबारातून बाजारात उतरला. गिऱ्हाईक युरोपी, त्यांना हवे होते हिंदुस्थानातल्या सत्ताधीशांचे संच. त्या संचांत मोगल बादशहा, आदिलशहा, कुतुबशहा यांच्या पंगतीला शिवाजी महाराज आहेत. परक्या व्यापाऱ्याच्या लेखीही ते बंडखोर जमीनदार नव्हते, हे मला चित्राच्या अस्सलपणाहून मोलाचे वाटते.

घोळ आहे तो ‘अस्सल’ या शब्दात. समोर पाहून काढलेले, हयातीत काढलेले आणि त्या काळातल्या नमुन्यावरून उतरवलेले, या तिन्ही गोष्टी आपण एकाच शब्दात कोंबतो. १६७७ साली महाराज महिनाभर भागानगरला (आजच्या हैदराबादला) होते, तेव्हा कुणी चित्रकाराने त्यांना पाहिले असेल. असेल, इतकेच. कारण ही चित्रे खाक्यावरून, म्हणजे टोचलेल्या नमुन्यावरून, होत. हरणाच्या पातळ कातड्यावर चेहऱ्याची रेघ उतरवायची, रेघेवर सुईने टोचे मारायचे, वरून कोळशाची पूड झटकायची. खालच्या कागदावर ठिपक्यांचा चेहरा तयार. एका बाजूच्या चेहऱ्याला हे फारच सोयीचे. म्हणून चार चित्रांत नाक सारखे आले की चार साक्षीदार मिळाले असे होत नाही. खाका एकच असू शकतो. ‘समकालीन’ म्हणावे, तेवढे पुराव्याला झेपते.

१९३०च्या दशकापर्यंत तर भलत्याच सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जाई. एका मराठी संशोधकाने जुन्या डच ग्रंथातल्या छापील चित्राच्या आधारे ते खोडून काढले. त्यानंतर चित्रकारांनी हाच चेहरा घेतला आणि तैलरंगांत, कॅलेंडरांवर तो हळूहळू आपल्याकडे वळवला. गोवळकोंड्याच्या त्या चित्रांत मात्र डोळा एकच आहे.